६१७४ ची गंमत

द. रा. कापरेकर हे देवळालीच्या शाळेत गुरुजी होते. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत शोधून काढली.

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करा. उत्तराचेही तसेच करा.

उदा. ३५२४
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येतेच. पुढे तेच येत राहते.

मी मंठ्याच्या एसटीचा नंबर घेतला. दहा वेळा केले तरी येईना. मला वाटले, कापरेकर गुरुजीच चुकले. पण मीच दर वेळी हातचा विसरत होतो! आता वजाबाकी तपासायला मला ६१७४ पुरते. पालकांनीही करून पाहावे.