अपराजित, अजेय, अजिंक्य : एक शब्दाभ्यास

विद्यार्थी मित्रांनो, 'अजिंक्य' या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला तर तुम्ही 'अजेय' किंवा 'अपराजित' लिहाल आणि गुणही मिळवाल. मात्र हे तीन शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. त्यांतील फरक कळला तर आपल्या चळवळीचा इतिहासही अधिक नीट कळतो. म्हणून हा लहानसा अभ्यास.

सोयीसाठी या शब्दांचे तीन गट करू.

पहिला गट 'अजित' आणि 'अपराजित' यांचा. ही भूतकाळवाचक विशेषणे आहेत. 'अजित' म्हणजे जिंकला न गेलेला, 'अपराजित' म्हणजे पराभव न झालेला. आजवर हरला नाही, एवढेच ते सांगतात. उद्याची हमी त्यांत नाही. साखळी सामन्यांत अपराजित राहिलेला कबड्डी संघ अंतिम सामन्यात हरू शकतो.

दुसरा गट 'अजेय', 'अजय्य', 'अजिंक्य', 'अभेद्य', 'अदम्य' यांचा. येथे शेवटचा 'य' महत्त्वाचा आहे. तो शक्यता दाखवतो आणि आरंभीचा 'अ' ती नाकारतो. पाणिनीच्या व्याकरणात तर आणखी बारकावा आहे. 'जेय' म्हणजे जिंकण्यास योग्य आणि 'जय्य' म्हणजे जिंकता येण्याजोगे. त्या हिशेबाने 'अजय्य' हाच काटेकोर शब्द. 'अजिंक्य' ची घडण मात्र आपल्या 'जिंकणे' या क्रियापदावरून झालेली, म्हणून तो मराठी कानाला जवळचा. तटबंदी अभेद्य असते, उत्साह अदम्य असतो, योद्धा अजेय असतो. शब्दांची अदलाबदल करून चालत नाही.

तिसरा गट 'दुर्' या उपसर्गाचा : दुर्जय, दुर्भेद्य, दुर्दम्य. जिंकणे, भेदणे, दमवणे कठीण आहे, पण अशक्य नाही, असा त्यांचा अर्थ. बोलताना आपण पुष्कळदा 'अ' चा दावा करतो. वस्तुस्थिती मात्र 'दुर्' ची असते.

याचे उत्तम उदाहरण साताऱ्याचा किल्ला. औरंगजेबाच्या फौजेने काही महिन्यांच्या वेढ्यानंतर १७०० साली तो घेतला व शाहजाद्याच्या नावावरून त्याचे 'आझमतारा' असे नामकरण झाले. पुढे मराठ्यांनी तो परत जिंकला आणि ताराबाईंच्या काळात त्याला 'अजिंक्यतारा' हे नाव मिळाले. म्हणजे एकदा पडलेल्या किल्ल्याला 'अजिंक्य' म्हटले गेले! १८१८ साली तो इंग्रजांच्याही हाती गेला. उलट मुरूडचा जंजिरा शिवाजी महाराज व संभाजी महाराज यांच्या प्रयत्नांनंतरही सिद्दीकडेच राहिला. पण त्याचे नाव 'बेट' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेले आहे. तेव्हा नाव हा पुरावा नव्हे. बँकेच्या काउंटरवर आम्हाला रोज कितीतरी अजय, अजित, विजय आणि अपराजिता भेटतात. आईवडिलांनी त्या नावांत आपली आशा ठेवलेली असते.

पाली वाङ्मयातही हे शब्द आहेत. ज्या आसनावर सिद्धार्थ गौतमांना संबोधी लाभली, त्याला जातकाच्या निदानकथेत 'अपराजित' आसन म्हटले आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान, म्हणजे आजचे पैठण, या मार्गाने भगवान बुद्धांच्या भेटीस जातात. त्यांतील पहिला प्रश्न विचारणाऱ्या शिष्याचे नाव अजित. जग कशाने झाकले आहे, असे तो विचारतो आणि 'अविद्येने' असे उत्तर त्याला मिळते. धम्मपदाच्या सहस्सवग्गात रणातील विजयापेक्षा स्वतःवरील विजयाला वरचे स्थान दिले आहे. असा विजय देव किंवा मारही पराजयात बदलू शकत नाही, असा तेथील आशय आहे. तात्पर्य, दुसऱ्याला हरवून मिळालेला जय दुसरा कोणी हिरावू शकतो. 'अजेय' हा शब्द खऱ्या अर्थाने शोभतो तो स्वतःवर मिळवलेल्या विजयाला.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण कोणते विशेषण लावावे? 'अपराजित' म्हणता येणार नाही. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून आणि १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला, ही नोंद आहे. ती लपवण्याचे कारण नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी धम्मदीक्षेचा सोहळा घडवला. मतपेटीतील हार त्यांच्या कार्याची हार ठरली नाही.

महाडचेही तसेच. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. पण त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला आणि सत्याग्रह स्थगित करावा लागला. त्या दिवशी पाहणाऱ्याला ती माघार वाटली असेल. पुढे दहा वर्षे दावा चालला व १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या काळात घरे जळाली, माणसे गेली. अशा लढ्याला 'अपराजित' हा शब्द अपुरा आहे, 'अदम्य' हा योग्य आहे. पराभव होऊनही जो दबत नाही, तो अदम्य.

आपल्या आयाबायांच्या तोंडी यासाठी साधे शब्द आहेत : चिवट, खमक्या, पुरून उरणारा. 'पुरून उरणे' या वाक्प्रचारात तर पराभवाचा अनुभवही आहे आणि त्यावरची मातही.

विद्यार्थ्यांनो, एखाद्या परीक्षेत अपयश आले तर तुम्ही 'अपराजित' राहत नाही, हे खरे. पण पुन्हा अर्ज भरून अभ्यासाला बसलात, तर 'अदम्य' हे विशेषण तुमच्याकडून कोणीही काढून घेऊ शकत नाही.

स्वाध्याय : अजित, अभेद्य, दुर्जय आणि अदम्य हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा. एक शब्द काढून दुसरा घातला तर अर्थ कोठे बिघडतो, ते घरच्यांना समजावून सांगा.