गोदाकाठची पायवाट

मुलांनो, जिल्ह्याचा नकाशा तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. त्यात परभणीहून गंगाखेडकडे जाणारी एक ठळक रेषा दिसते. ती सडकेची. परंतु प्रत्येक गावाचा म्हणून एक वेगळा नकाशा असतो, तो फार थोड्यांनी पाहिलेला असतो. त्यात एकेका शेताची हद्द असते, ओढे असतात, विहिरी असतात; गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एकाच तुटक रेषेने दाखविलेली असते. ती एकेरी रेषा पाहिली म्हणजे कागदावरून मुंग्यांची रांगच चालली आहे असे वाटते. अशा एका रेषेवरून आम्ही मार्गशीर्षात चालून आलो, त्याची ही हकीकत आहे.

आमच्या वर्गातील एका मुलाचे गाव दैठण्याच्या पुढे, गोदावरीच्या अलीकडे आहे. त्याने आपल्या गावच्या नकाशाची प्रत मिळवून आणली आणि ती वहीच्या पानांत जपून ठेवली. “गुरुजी, ही वाट आमच्या गावापासून थेट नदीवर जाते,” तो म्हणाला, “आणि नदीच्या काठाकाठाने गेले की गंगाखेडचा पूल.” मग काय विचारता! रविवारी पहाटे आम्ही पंचवीस जण भाकरी बांधून निघालो.

पायी चालणे आपल्या मुलखाला नवे नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी परभणीत येते आणि दैठण्यावरून गंगाखेडास जाते. परंतु ती चाल पंढरपूरच्या ओढीची असते. आम्हांला पोहोचण्याची घाई नव्हती. वाटेत जे दिसेल ते पाहावयाचे, एवढाच आमचा बेत होता.

मार्गशीर्षच का निवडला, हे येथे सांगितले पाहिजे. आपली जमीन काळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर तप्त लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थिजून त्यांचा काळा खडक झाला. त्या खडकाची झीज होऊन ही माती बनली. ती पाणी पिऊन फुगते व वाळली की आक्रसते. म्हणून पावसाळ्यात एक पाऊल टाकावे तर चपलेला शेरभर चिखल चिकटतो, आणि वैशाखात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हिवाळ्यात मात्र तीच माती पायाखाली मऊ लागते. शिवाय उन्हाचा ताप नसतो आणि शेते भरलेली असतात.

आम्ही गावाबाहेर पडलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. एका बाजूस ज्वारी पोटऱ्यात आली होती. दुसऱ्या बाजूस कापसाची वेचणी चालू होती. तुरीच्या शेंगा भरत होत्या. हरभऱ्याच्या पानांवर दव होते. एका मुलाने ते बोटाने टिपून जिभेला लावले, तो ते आंबट! हरभऱ्याच्या पानांतून जो आंबट रस पाझरतो, तो दवात मिसळतो. जुने लोक रात्री शेतात धडपा अंथरून ती आंब गोळा करीत व औषधाला ठेवीत. मग काय, प्रत्येकाला ती चाखून पाहावयाची होती. अर्धा तास तेथेच गेला, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

जंगल म्हणावे असे या बाजूस काही नाही. आपल्या जिल्ह्यात झाडी फार थोडी. जी आहे ती बहुतेक जिंतूरच्या डोंगरांत. येथे बांधावर बाभळी, कडुनिंब, बोरी, एखादा जुना चिंचेचा वृक्ष, एवढेच. परंतु पायवाटेवर मिळणारी सावली लहान असली तरी ती नेमकी हवी तेथे असते, कारण वाट आणि झाड यांचा संबंध जुना आहे. वाट झाडाकडे वळते, आणि वाटसरूंनी टाकलेल्या बियांमधून वाटेवर आणखी झाडे उगवतात. बोरीखाली पोचताच आमची रांग मोडली, हे सांगावयास नकोच.

असे दोन-अडीच किलोमीटर गेलो असू. एकाएकी वाट नाहीशी झाली. समोर बाभळीच्या काट्यांचे उंच कुंपण होते व पलीकडे कापूस. नकाशावर रेषा होती, जमिनीवर नव्हती. वाट नांगरून शेतात घेतली गेली होती.

नकाशा आणणारा मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “गुरुजी, मला हे ठाऊक होते. माझी धाकटी बहीण पलीकडच्या गावच्या शाळेत पाचवीत आहे. ही वाट बंद झाल्यापासून तिला सडकेने मोठा वळसा पडतो. सडकेवर मोटारी फार. आई तिला एकटीला पाठवत नाही, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस तिची शाळा बुडते.” मग मला कळले की नकाशाची प्रत त्याने केवळ आमच्या सहलीसाठी मिळविली नव्हती.

इतक्यात शेतमालक आले. वय साठीच्या पुढचे, डोक्याला पटका. “गुरुजी, लेकरं घेऊन कुठं निघालात? हितून वाट न्हाई आता,” ते म्हणाले.

मुलाने वहीतून नकाशा काढला. “आबा, ही पाहा, वाट दाखवली आहे.”

खरे तर वहिवाटीची वाट कोणी अडविली तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय कायद्याने अडथळा दूर करविण्याचा अधिकार त्यांना दिलेला आहे. मला हे माहीत होते. पण पाहुण्याने आल्या आल्या कायदा बोलू नये म्हणून मी गप्प राहिलो. ते आबाच बोलू लागले, आणि त्यांचे म्हणणे मी तुम्हांला जसेच्या तसे सांगतो, कारण ते ऐकण्यासारखे आहे.

“कागदावर रेघ हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण पावसाळ्यात ये म्हणावं त्या रेघेवर. चिखल झाला की माणूस वाट सोडून बाजूनं चालतो. दुसऱ्या दिशी ती बाजू चिखल होती, मग तिसरा आणखी बाजूनं. चार वर्षांत वाटेनं माझी कापसाची चार तासं खाल्ली. वाटेमागून शेरडं आली, शेरडांमागून गुरं. मला कुणी इचारलं?”

पायवाट रुंद कशी होते याचे इतके नेमके वर्णन मी पुस्तकातही वाचले नव्हते. मुले माझ्याकडे पाहू लागली. मुलाचे खरे, की आबांचे? दोघांचेही खरे होते, आणि अडचण तेथेच होती.

आम्ही बाभळीखाली बसलो. आबांना आम्ही भाकरी दिली; त्यांनी आम्हांला पाणी दिले. बोलता बोलता मी फ्रान्स देशातील पायवाटांची गोष्ट काढली. तेथे लुआर नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठाने १९४७ साली हौशी लोकांनी एक लांब पायवाट आखली. दगडावर, झाडाच्या बुंध्यावर वर पांढरा व खाली तांबडा असे दोन लहान पट्टे रंगविले की ती वाट; त्याच रंगांची फुली दिसली की समजावे, इकडे जाऊ नये. आता त्या देशात खुणांनी दाखविलेल्या अशा वाटा लाख किलोमीटरहून अधिक आहेत. त्या रानांतून, नद्यांच्या काठांनी आणि द्राक्षांच्या मळ्यांजवळून जातात. कित्येक ठिकाणी जमीन खाजगी मालकाची असते आणि त्याच्या संमतीने वाट जाते.

“आन् द्राक्षं ऱ्हात्यात व्हय?” आबांनी विचारले. सगळे हसले.

“चालणाऱ्याने घडाला हात लावावयाचा नाही, असा रिवाज आहे,” मी म्हणालो. “आणि गुरे असतील तेथे कुंपणात एक अरुंद, वाकडी फट ठेवतात. माणूस अंग चोरून जातो. गाय जाऊ शकत नाही.”

आबांनी त्यावर काही म्हटले नाही. उठून त्यांनी काट्याची एक फांदी बाजूला केली व म्हणाले, “आज जावा. बांधावरनं, एकामागं एक.” पंचवीस जण बांधावरून गेले. एकाही झाडाचे बोंड गळले नाही. आबा शेवटपर्यंत उभे राहून पाहत होते.

पुढे अर्ध्या तासाने गोदावरी दिसली. आपल्याकडे तिला कोणी गोदावरी म्हणत नाही. ‘गंगा’ म्हणतात, म्हणून तर गाव गंगाखेड. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणारी ही नदी येथे रुंद आणि संथ आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. तेव्हापासून हिवाळ्या-उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाणी किती राहावे हे बरेचसे वरच्या बंधाऱ्यांवर व धरणांवर ठरते.

काठाची वाट कधी उंच दरडीवरून, कधी वाळूवरून जात होती. वाळूत मुलांना गारगोट्या व पट्टेदार अकीक सापडले. लाव्हारसात हवेचे बुडबुडे अडकून जी पोकळी राहते, तीत हे खडे बनतात. खडक झिजला की नदी त्यांना घासून गुळगुळीत करते. मध्येच वाळू उपसून केलेले मोठे खड्डे लागले. तेथे आम्हांला वर चढून फिरून जावे लागले. वाळू नदीचे पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरी लवकर आटतात.

पलीकडच्या उथळ पाण्यात नारिंगी रंगाच्या पक्ष्यांची एक जोडी होती. ते चक्रवाक. लडाख व तिबेटच्या थंड सरोवरांवरून ते हिवाळ्यापुरते आपल्या नद्यांवर येतात. रात्री या जोडीची ताटातूट होते असे जुने कवी सांगत आले. आम्ही दुपारी पाहिली, तेव्हा तरी ती एकत्र होती. टिटवीने मात्र आमच्या डोक्यावर घिरट्या घालून इतका ओरडा केला की त्या दोघांना उडून जावे लागले.

सूर्य कलला तेव्हा पूल आला आणि पलीकडे बालाघाटच्या डोंगरांची निळी ओळ. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तेराव्या शतकात येथून एक लहान मुलगी पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेली व तेथे दळणकांडण करता करता अभंग रचू लागली. इतका लांबचा प्रवास तिने कसा केला असेल, असे एका मुलीने विचारले. त्या काळी सामान्य माणसांना पायांवाचून दुसरे वाहन कोणते होते? जनाबाईंच्या मंदिरात आम्ही थोडा वेळ बसलो आणि सायंकाळच्या गाडीने परतलो.

तीन आठवड्यांनी तो मुलगा वर्गात जरा उशिरा आला. आबांनी कुंपणात दोन मेढी रोवल्या होत्या आणि मध्ये, अंग चोरून जाता येईल एवढी वाकडी फट ठेवली होती. त्याची बहीण आता रोज शाळेत जाते. “दप्तर मात्र पाठीवर ठेवून जाता येत नाही,” तो म्हणाला. “आधी दप्तर पलीकडे टाकावे लागते, मग आपण जायचे.”