लंगड्या गुलामाची शिकवण

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाचं मॅगझिन कमिटीने बघून घ्यावं. विषय मात्र माझ्या आवडीचा आहे, स्टॉइक तत्त्वज्ञान.

'स्टॉइक' म्हटलं की तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा माणूस डोळ्यासमोर येतो. पण हा समज एपिक्टेटस वाचला की टिकत नाही. इ.स. ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानात जन्मलेला हा माणूस रोममध्ये गुलाम होता, पायाने अधू होता. पुढे मुक्त होऊन शिकवायला लागला, तर डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांनाच शहराबाहेर काढलं. मग त्याने ग्रीसमध्ये निकोपोलिसला शाळा काढली. स्वतः काही लिहिलं नाही, आज आपण वाचतो ते त्याचा विद्यार्थी एरियन याने उतरवलेलं. (नोट्सवर जगणारे आपणच पहिले नाही!)

त्याचा मुद्दा साधा आहे. आपलं मत, इच्छा आणि कृती आपल्या हातात. शरीर, पैसा, नाव, लोक काय म्हणतील, हे पूर्णपणे आपल्या हातात नाही. बीमवर किती लोड येणार हे बीम ठरवत नाही, तसंच काहीसं. फक्त बीमला मन नसतं, आपल्याला असतं, आणि सगळी गडबड तिथेच होते.

याची खरी टेस्ट झाली व्हिएतनाममध्ये. जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकन नौदलाचा वैमानिक. स्टॅनफर्डला शिकताना एका प्राध्यापकांनी त्याला एपिक्टेटसचं छोटं पुस्तक दिलं होतं. सप्टेंबर १९६५ मध्ये त्याचं विमान पाडलं गेलं, पाय मोडला आणि तो हनोईच्या तुरुंगात पोचला. सुटला फेब्रुवारी १९७३ मध्ये. त्यातली सुमारे चार वर्षं एकांतकोठडीत. तिथे कैदी भिंतीवर टकटक करून बोलायचे. इंग्रजी अक्षरं पाच बाय पाचच्या चौकोनात मांडायची, के गाळायचा, त्याच्या जागी सी वापरायचा. आधी ओळ, मग रकाना. दोन टकटक आणि मग तीन, म्हणजे एच. व्हायव्हाच्या रांगेत करून बघा, जमतं!

आता, स्टॉकडेलने सगळं निमूट सोसलं का? अजिबात नाही. प्रचाराच्या फिल्ममध्ये दाखवता येऊ नये म्हणून त्याने स्टूलने स्वतःचा चेहरा सुजवून घेतला. इतर कैद्यांसाठी त्याने नियम घालून दिले. त्यामुळे ज्युनिअरला 'सहन कर, स्ट्राँग होशील' म्हणणाऱ्या सीनिअर्सनी स्टॉइकांचं नाव घेऊ नये. मेसच्या आमटीबद्दल अर्ज करणंही आपल्या हातातलीच गोष्ट आहे.

नंतर स्टॉकडेलने एक सांगितलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जास्त खचले ते आशावादी कैदी. ख्रिसमसला सुटू म्हणायचे, मग ईस्टरला, आणि तारखा नुसत्या जात राहायच्या.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी यंदा इयर डाऊन झाली. घरी शेती, वर बँकेचं एज्युकेशन लोन. सगळ्याजणी तिला समजावत होत्या, 'रिचेकिंगमध्ये निघशीलच गं, गणपतीपर्यंत बघ!' तिने रिचेकिंगचा फॉर्म भरला, पण न निघाल्याचं धरून बॅकलॉगचं टाइमटेबलही भिंतीला लावलं. आणि घरी बाबांना स्वतः फोन केला. तो फोन सगळ्यात जड गेला असं ती म्हणते. रिचेकिंगचा निकाल अजून लागलेला नाही.