माझ्या कथेतील स्त्री रेखाटताना

कथा लिहिणारा आणि तिच्यासाठी चित्र काढणारा एकच असला, की काम सोपे होते असा सर्वसाधारण समज आहे. पात्र त्यानेच निर्माण केलेले. तेव्हा त्याचा चेहरा त्याला ठाऊक असणारच! अनुभव मात्र निराळा आहे. माझ्या एका कथेची नायिका गिरजा ही सिन्नरकडची विडीकामगार. तिचे रेखाचित्र काढताना ज्या अडचणी समोर आल्या, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिली अडचण शब्द आणि रेषा यांच्या स्वभावाची. शब्दाला गप्प राहता येते. ‘गिरजा उठली’ एवढे लिहून भागते. तिचे नाक, तिचे लुगडे वाचक आपल्या आठवणीतून भरून काढतो. रेषेला ही सवलत नाही. गिरजेचा नवरा हयात आहे की नाही, हे माझ्या कथेत शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. कथा त्यावरच उभी आहे. चित्रात मात्र कपाळावर एक ठिपका दिला की ती सवाशीण ठरते, न दिला तर विधवा. पुरुषपात्र काढताना हा प्रश्न येतच नाही. त्याच्या कपाळावरून त्याची बायको जिवंत आहे का, हे कोणी वाचीत नाही. म्हणजे ही अडचण केवळ चित्रकलेची नव्हे. स्त्रीकडे पाहताना आपण प्रथम काय शोधतो, याची ती खूण आहे.

चित्र कथेपेक्षा अधिक बोलून जाते याचे उत्तम उदाहरण इंग्रजी साहित्यात आहे. थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ ही कादंबरी १८४७-४८ मध्ये मासिक भागांनी प्रसिद्ध झाली आणि तिची चित्रे त्याने स्वतःच काढली. बेकी शार्पने जोसचा जीव घेतला, असे तो शब्दांत कोठेही स्पष्ट सांगत नाही. पण शेवटाकडच्या एका चित्रात ती पडद्याआड उभी आहे आणि चित्राखालच्या ओळीत तिला क्लिटेम्नेस्ट्रा, म्हणजे ग्रीक कथेतील पतिघातिनी, म्हटले आहे. लेखकाने हातचे राखलेले चित्रकाराने सुचवून टाकले! थॅकरेला ते हवे होते. मला गिरजेच्या बाबतीत ते नको होते.

दुसरी अडचण सौंदर्याच्या सवयीची. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या नायिका घरोघरी भिंतीवर आल्या. पुढे दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) ‘दीपावली’च्या पानांवर डौलदार स्त्रियांची एक परंपराच उभी केली. ही चित्रे पाहत आपला हात तयार होतो. प्रौढ माणसाची उंची डोक्याच्या सुमारे साडेसात पट असते. पण नायिका म्हटले की पेन्सिल आपोआप आठपटीकडे सरकते, मान लांबते, डोळे मोठे होतात. चाळिशीची, दिवसभर वाकून बसणारी बाई अशी नसते, हे हाताला पुन्हा पुन्हा बजावावे लागते.

या दोन्ही अडचणींतून वाट दाखवली ती गिरजेच्या कामानेच. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवलेली टेंभुर्णीची पाने पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तेव्हा मान वर करायला सवड नाही. सरळ पाहणाऱ्या चेहऱ्यात डोळ्यांची रेषा डोक्याच्या मध्यावर येते. मान खाली गेली की ती खाली उतरते, माथा मोठा दिसतो, डोळ्यांच्या जागी पापण्याच उरतात. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला असला की कपाळ झाकते. कुंकवाचा प्रश्न असा कोणतीही युक्ती न लढवता सुटला. चेहऱ्याने जे सांगायचे ते मग बोटांवर सोपवले. म्हणून त्या चित्रात सर्वांत अधिक वेळ बोटांना दिला.

शेवटची अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चेहरा कोठून आणायचा? प्रत्यक्षातील एखाद्या बाईचा हुबेहूब घेतला, तर चित्र जिवंत होईल यात शंका नाही. पण गिरजेविषयी गाव जे कुजबुजते ते कथेत आहे, आणि चेहरा ओळखला गेला की ती कुजबुज त्या बाईच्या दारात जाऊन बसेल. कथा काल्पनिक आहे, हा खुलासा तेथे कोण ऐकणार? म्हणून बसण्याची ढब एकीची, हात दुसरीचे, कानाची पाळी तिसरीची, असे मी जमवले. चित्र थोडे कमी जिवंत झाले असेल. पण त्याची किंमत दुसऱ्या कोणाला द्यावी लागणार नाही.

आपल्यापैकी जे लिहितात त्यांनी आपल्या नायिकेचे एकदा तरी, वेडेवाकडे का होईना, चित्र काढून पाहावे. आपण तिला किती ओळखतो आणि किती नुसते गृहीत धरतो, हे कोऱ्या कागदावर लगेच दिसते.