'रिलीज' या इंग्रजी क्रियापदाचा उपयोग

बँकेंत किंवा कचेरींत इंग्रजी कागदावर सही करण्याचा प्रसंग आपल्या शेतकरी बंधूंवर येतो. अशा कागदांत 'रिलीज' हें क्रियापद वारंवार आढळतें. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

मराठींत 'सोडणें' व 'सोडविणें' हीं निराळीं क्रियापदें आहेत. 'रिलीज' म्हणजे सोडणें. ज्याच्या हातीं पकड असते तोच त्याचा कर्ता. सुटणारी वस्तु क्रियापदाच्या लगेच पुढें येते, व बंधनापूर्वीं 'फ्रॉम' येतें. 'द बँक रिलीज्ड माय फील्ड फ्रॉम द मॉर्गेज', म्हणजे बँकेनें माझें शेत गहाणांतून मोकळें केलें. बैल कोंडवाड्यांत असल्यास 'प्लीज रिलीज माय बुलक फ्रॉम द पाउंड' असें लिहावें. मोताळा तालुक्यांतील नळगंगा धरणांतून पाणी सोडलें गेलें, तर 'वॉटर वॉज रिलीज्ड फ्रॉम द डॅम' म्हणावें. येथें 'वॉज' गाळूं नये.

आतां मुख्य सावधगिरी. कर्ज फेडणाऱ्यानें 'आय रिलीज माय फील्ड' लिहिलें, तर मीच शेतावरील हक्क सोडतों, असा उलट अर्थ होतो! त्यानें 'आय रिडीम्ड माय फील्ड', म्हणजे मीं शेत सोडविलें, असें लिहावें.

'रिलीज डीड' म्हणजे हक्कसोडपत्र. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तेव्हां बहिणीपुढें असा कागद ठेवण्यापूर्वीं, सोडणारी ती आहे, हें तिला स्वच्छ मराठींत सांगावें.