हरकत म्हणजे विरोध नव्हे

होस्टेलच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की नगरपालिकेची बाग लागते. सकाळी आजोबा मंडळी फेऱ्या मारतात, दुपारी रिक्षावाले करंजाखाली डबा उघडतात, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट असतं आणि परीक्षा जवळ आली की बाकांवर आपलीच मंडळी नोट्स घेऊन बसलेली दिसतात. मागच्या पावसाळ्यात या बागेच्या फाटकावर एक जाहीर सूचना चिकटवली गेली. बागेच्या एका कोपऱ्यात युवक केंद्र बांधायचे आहे, त्यात अभ्यासिका, व्यायामशाळा व सभागृह असेल, ज्यांना हरकती व सूचना द्यायच्या असतील त्यांनी एक महिन्याच्या आत लेखी द्याव्यात, असा मजकूर होता.

मला आनंदच झाला. आपल्या रीडिंग हॉलमध्ये जागा मिळवायला जेवण अर्धं सोडून पळावं लागतं, हे सर्वांना ठाऊक आहे. मेसमध्ये कोणीतरी ‘केंद्र झालेच पाहिजे’ असा कागद फिरवला, मी भाजी वाढून घेता घेता सही ठोकली. संध्याकाळी बागेतल्या एका आजोबांनी मला विचारलं, ‘‘काय रे, तू सिव्हिलचा ना? कोपरा म्हणजे नेमका कुठला कोपरा?’’ मला सांगता येईना. नकाशा न बघता सही करणारा सिव्हिल इंजिनिअर! दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून नगरपालिकेत गेलो. तिथं जे शिकलो ते अभ्यासक्रमात कुठं नव्हतं, म्हणून हा लेख.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यात शहरातली कोणती जागा कशासाठी, हे विकास आराखड्यात ठरतं. त्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. आराखड्यात जागा ‘उद्यान’ म्हणून राखलेली असेल आणि तिथं नियमात न बसणारा वापर करायचा असेल, तर आधी आराखड्यात फेरबदल करावा लागतो. त्यासाठी कलम ३७ आहे. नियोजन प्राधिकरणानं राजपत्रात सूचना प्रसिद्ध करायची, हरकती मागवायच्या, हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे मंजुरीला पाठवायचा. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी. म्हणजे सुनावणी ही नगरपालिकेनं आपल्यावर केलेली मेहेरबानी नाही, ती प्रक्रियेतली एक पायरी आहे.

चांगलं काम, पण जागा कोणती?

आपला पहिला युक्तिवाद असा असतो की काम चांगलं आहे ना, मग अडवता कशाला? याचं उत्तर बंगळूरच्या एका गाजलेल्या खटल्यात सापडतं. तिथल्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली मोकळी जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा’ या खटल्यात १९९१ साली निकाल रहिवाशांच्या बाजूनं लागला. रुग्णालय वाईट म्हणून नव्हे, तर उद्यानाची राखीव जागा अशी परस्पर दुसऱ्या कामाला देता येत नाही म्हणून. शिवाय अशा बाबतीत दाद मागायचा हक्क शेजारच्या रहिवाशांना आहे, हेही कोर्टानं मान्य केलं. आपलं प्रकरण तंतोतंत तसं नाही. इथं बांधणारी नगरपालिकाच आहे आणि केंद्र सार्वजनिक आहे. पण प्रश्न तोच : ‘काय बांधायचं’ याचं उत्तर मिळालं म्हणजे ‘कुठं बांधायचं’ याचं मिळत नाही.

थोडं गणित

नकाशा पाहिल्यावर कळलं की तो कोपरा म्हणजे रिक्षावाल्यांचा करंज उभा आहे तोच, बागेतला सर्वांत सखल भाग. पावसाळ्यात पाणी तिथंच जिरतं. आता हायड्रॉलॉजीतलं रॅशनल सूत्र आठवा : वाहून जाणारं पाणी म्हणजे रनऑफ गुणांक गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ. समजा इमारत, तिच्याभोवतीची फरसबंदी आणि पार्किंग मिळून ५०० चौरस मीटर जागा झाकली गेली आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी २५ हजार लिटर. हिरवळीचा गुणांक ०.२ धरला तर तासाला ५ हजार लिटर वाहून जाईल, छप्पर आणि काँक्रीटचा ०.९ धरला तर साडेबावीस हजार. हे जादा साडेसतरा हजार लिटर जाणार कुठं? उतार आपल्या होस्टेलकडेच आहे! नकाशात गटाराची रेघ कुठं दिसली नाही.

विचारणं आणि विचारल्यासारखं करणं

शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळलं जातं. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं आणि थोडंफार समाधान करणं येतं. वरच्या पायऱ्यांवर लोकांच्या हातात खरोखर निर्णयाचा वाटा असतो. फाटकावरचा कागद चौथ्या पायरीवरचा, म्हणजे मत विचारणं. वाईट नाही, पण ज्याला वाचायला वेळ आहे त्याचंच मत पोचतं. रिक्षावाल्यांपैकी एकानंही तो वाचला नव्हता. लेडीज होस्टेलच्या मैत्रिणींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘‘आठनंतर बागेत दिवे नसतात. अभ्यासिका कोपऱ्यात बांधली तर आम्ही येणार कशा?’’ आमच्या मेसमधल्या कागदावर हा प्रश्न कुठंच नव्हता.

मात्र मधल्या पायरीलाही कमी लेखू नका. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो नव्यानं दुरुस्त करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. कागदावरच्या हरकतींना वजन असतं, अट एवढीच की त्या मुदतीत आणि मुद्देसूद हव्यात.

हरकत कशी लिहावी?

माझा पहिला मसुदा चार पानी होता आणि त्यात ‘तरुण पिढी’ हा शब्द अकरा वेळा आला होता. सरांनी तो एका पानावर आणून दिला. त्यातून शिकलेल्या गोष्टी :

१. सूचनेचा क्रमांक, तारीख आणि जागेचा सर्व्हे नंबर वरच लिहा.
२. एका मुद्द्याला एक परिच्छेद. ‘बाग वाचवा’ हा मुद्दा नाही, ‘पाण्याच्या निचऱ्याची सोय नकाशात दाखवलेली नाही’ हा मुद्दा आहे.
३. नुसतं नको म्हणू नका, पर्याय द्या. आम्ही दिला : गल्लीतल्या नगरपालिका शाळेचा वरचा मजला संध्याकाळी रिकामा असतो, अभ्यासिका तिथं करा. व्यायामाची साधनं बागेतच, उघड्यावर, झाडं न तोडता बसवा.
४. ‘सुनावणीत समक्ष म्हणणे मांडू इच्छितो’ हे वाक्य विसरू नका.
५. आवक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

आमच्या अर्जाखाली आजोबांची सही आहे, तीन रिक्षावाल्यांची आहे आणि दोन्ही होस्टेलची आहे. मेसमधल्या कागदावरची माझी सही मी मागे घेतली. त्यावरून रूममेट दोन दिवस बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं, कारण अभ्यासाला जागा खरोखरच नाही. आजोबाही सगळं सोडून देत नव्हते. ‘‘तुमची अभ्यासिका व्हावी, पण माझी फेरी तुटू नये,’’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. एकाच अर्जात हे दोन्ही बसवायला आम्हाला तीन रात्री लागल्या.

सुनावणीत प्रत्येकाला जेमतेम तीन मिनिटं मिळाली. साहेबांनी मान वर न करता विचारलं, ‘‘विरोध की पाठिंबा?’’

मी म्हटलं, ‘‘दोन्ही नाही, साहेब. हरकत आहे आणि सूचनाही आहे.’’ तेव्हा त्यांनी मान वर केली आणि शाळेचा मजला कुठला ते विचारून कागदावर टिपून घेतलं.

निर्णय अजून आलेला नाही. करंज उभा आहे आणि रीडिंग हॉलमध्ये जागाही अजून मिळत नाही. अर्जाची शिक्का मारलेली प्रत माझ्या कपाटात आहे. पुढच्या वर्षी मी इथं नसेन, तेव्हा ती कोणीतरी ज्युनिअरनं मागून घ्यावी. बागेच्या फाटकावर नवा कागद लागला तर सही करण्याआधी त्यानं एवढं जरूर विचारावं, नेमका कुठला कोपरा?