गुडघ्याची दुर्बीण-शस्त्रक्रिया : गुण कशाने येतो?

गेल्या आठवड्यात साठीचे एक शेतकरी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आले. झीज स्पष्ट दिसत होती. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करून घ्या, असा सल्ला त्यांना शहरात मिळाला होता आणि त्यासाठी दुभती म्हैस विकायची तयारीही झाली होती. “डॉक्टरसाहेब, आमच्या व्याह्यांनी केली, त्यांना गुण आला. करू का?”

व्याह्यांना गुण आला हे खोटे नाही. पण तो शस्त्रक्रियेनेच आला का? झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे चढते-उतरते असते. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो दुखणे अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर ते बहुधा थोडे उतरतेच. शिवाय सक्तीची विश्रांती मिळते, घरचे काळजी घेतात आणि एवढा खर्च केल्यावर बरे वाटावे अशी मनाची ओढही असते. हे सगळे वजा केल्यावर शस्त्रक्रियेच्या पदरात काय उरते?

ही वजाबाकी अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. ब्रूस मोझली व सहकाऱ्यांनी केली. अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकावी तसे तीन गट पाडले. पहिल्या गटाचा सांधा नुसता धुतला. दुसऱ्याचा धुऊन आतील खडबडीत कूर्चा खरवडली. तिसऱ्या गटाला गुंगीचे इंजेक्शन देऊन कातडीवर फक्त तीन छोटे छेद घेतले. सर्जनने नेहमीप्रमाणे हत्यारे मागितली, गुडघा हलवला, पाण्याचा आवाजही केला, पण आत काहीच केले नाही! ही फसवणूक नव्हे. आपल्या वाट्याला खोटी शस्त्रक्रिया येऊ शकते, हे मान्य असल्याचे प्रत्येकाने आधी लिहून दिले होते. आपण कोणत्या गटात, हे मात्र कोणालाच सांगितले नव्हते.

दोन वर्षांनी शंभरपैकी वेदनेचे सरासरी गुण असे निघाले : धुतलेल्यांचे ५३.७, खरवडलेल्यांचे ५१.४ आणि नुसत्या छेदांचे ५१.६. म्हणजे फरक नाही.

यातील बहुतेक रुग्ण पुरुष होते, असा आक्षेप निघाला. तो रास्तच होता. पण २००८ साली कॅनडातील अभ्यासातही औषधे व व्यायामाला या शस्त्रक्रियेची जोड देऊन जादा लाभ दिसला नाही. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून तज्ज्ञांनी, झिजेच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

मात्र घोटाळा करू नका. खेळताना गादी फाटून तरुणाचा गुडघा अडकला, तर ती गोष्ट वेगळी. सांधा पूर्ण झिजल्यावर तो बदलण्याची शस्त्रक्रियाही निराळी. तिचा अनेकांना खरोखर उपयोग होतो.

आमच्या पाहुण्यांना मी खुर्चीवर बसून पाय सरळ करायला लावला व मनात दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरायला सांगितला. मांडीचे स्नायू पार ढिले पडले होते. हा व्यायाम दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करायचा. वजन चार-पाच किलो उतरवायचे आणि उकिडवे बसणे टाळायचे. म्हैस तूर्त विकू नका म्हटले. महिन्याने पुन्हा दाखवायला बोलावले आहे.